थांबायची मिनिटं

माझ्या मोबाइलमध्ये एक पट्टी होती. बोटाने सरकवायची, चाळीसपासून शून्यापर्यंत. खाली मीच लिहिलं होतं, ‘थांबायची मिनिटं’. ती पट्टी तयार झाली त्या दिवशी मी नवऱ्याला जळगावला फोन करून तिचा फोटो पाठवला होता. आता ती आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात. घरात कुणी नसलं तरी होतात.

आमची गल्ली धुळ्यात, अकरा घरांची. नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी येतं, आणि त्याला ठरलेली वेळ नाही. दिवसा येतं एवढीच त्याची मेहेरबानी. मोठी लाइन गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे माझ्या दारात. तिथून पाणी उताराउताराने दहा घरं ओलांडून अक्कांच्या घरी पोचतं. अक्का शेवटच्या घरातल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, आणि आवाज असा की पाणी आलं हे कळायला आम्हाला नळाकडे बघावं लागत नाही.

“पानी उनं वं माय, पानी उनं!” असं ओरडत त्या गल्लीभर फिरतात. मग आपल्या दारातल्या हौदाशी जाऊन बसतात. त्यांच्याकडे मोटर नाही. खड्ड्यातला नळ, त्याच्या धारेखाली कळश्या, आणि कळश्या झाल्या की हौद. तो भरला की त्यांची दुसरी हाक येते, “लावा आते मोटरी!” त्यानंतर मग घराघरांतल्या मोटरी सुरू होतात. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती सगळ्यांकडे आहे हेही. पण अक्कांची दुसरी हाक येईपर्यंत कुणी बटण दाबायचं नाही. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. मी लग्न करून या गल्लीत आले तेव्हापासून तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. अक्का मला मास्तरीण म्हणतात; शंभरदा सांगून झालं, मी शिकवत नाही, पण त्या ऐकत नाहीत. दिवसा मी कामावर, नवरा जळगावला नोकरीला, शनिवारी येतो. म्हणून माझी टाकी अक्काच भरायच्या. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे. आपलं पाणी झालं की त्या गल्ली चढून यायच्या, माझ्या मोटरीचं बटण दाबायच्या, टाकी भरेपर्यंत पायरीवर बसायच्या. संध्याकाळी मी स्कूटर लावते न लावते तोच खालून आवाज, “मास्तरीण, तुन्ही टाकी भरी दिधी वं मी! शेवाळ किती शे त्यान्हामा!” हे अकरा घरांना ऐकू जायचं. मला राग यायचा. उपकाराचा राग हा सगळ्यात ओंगळ राग, पण तो यायचा, हे इथे लपवून काय उपयोग.

त्या रागातून बोर्ड आलं.

काडेपेटीएवढं, वाय-फायवर चालणारं साधं बोर्ड. आमच्या प्रयोगशाळेत मुलं त्यावर दिवे लुकलुकवतात. घरी टीव्हीखाली मी जुन्या लॅपटॉपवर घर सांभाळणारी सिस्टीम आधीच बसवली होती. कूलर आणि अंगणातला दिवा त्यावर चालायचे. त्या सिस्टीमला हे बोर्ड जोडायचं, नळाच्या पाइपात चक्रीचा सेन्सर घालायचा, पाणी आलं की चक्री फिरेल, बोर्ड लॅपटॉपला कळवेल, लॅपटॉप रिलेला, म्हणजे मोटरीच्या स्विचला, सांगेल, रिले टक करेल आणि मोटर चालू. अक्कांची गल्ली चढून यायची दगदग वाचेल, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.” मी म्हणाले, “बैल नाही, मोटर आहे. बघच तू.”

अर्धा माघ आणि अर्धा फाल्गुन त्यात गेला. सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीआधी दोन मोकळ्या जागा कमी पडल्या म्हणून दोन रविवार सिस्टीम मला ओळखच देईना. मग ओळख दिली, तर मोटरीच्या खड्ड्याला लोखंडी झाकण. ते लावलं की बोर्ड गायब, उघडलं की हजर. शेवटी बोर्ड प्लॅस्टिकच्या लोणच्याच्या बरणीत घालून झाकणाबाहेर भिंतीला टांगलं, आणि वायर तेवढी आत सोडली. रविवारी सकाळी लॅपटॉपवर उमटलं, ‘नवीन उपकरण सापडलं’. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. सेन्सरची नोंद मिनिटामिनिटाला व्हायची, त्याचा छान आलेख यायचा. जुन्या लॅपटॉपची जागा भरू नये म्हणून नोंदी फक्त दहा दिवस ठेवायच्या, त्यापुढच्या आपोआप पुसायच्या, असं मी ठरवून टाकलं.

आणि ती पट्टी. गल्लीचा नियम मी विसरले नव्हते. पाणी आल्यावर अक्कांचा हौद भरायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात हे मला माहीत होतं. म्हणून पाणी आल्यापासून चाळीस मिनिटांनी मोटर लागेल असं केलं, आणि ती चाळीस मिनिटं बदलता यावीत म्हणून पट्टी. अक्कांकडून किल्ली परत घेतली. “आता तुम्हाला त्रास नाही,” असं म्हणाले. त्या किल्लीकडे बघत म्हणाल्या, “तरास कसाना वं? बसायचं निमित्त व्हतं.” मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या दोन पाळ्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी टाकी पाऊणच भरली, कारण एकदम दहा मोटरी लागल्या की कुणालाच पुरेसं येत नाही. चैत्र लागला होता, कूलर दिवसाला बादल्या पितो, आणि माझ्या कुंड्यांतला मोगरा सुकत होता. होय, मोगरा. मी स्टाफरूममध्ये डबा खात होते, मोबाइलवर पाणी आल्याची सूचना आली, आणि मी पट्टी चाळीसवरून तीसवर आणली. दहाच मिनिटं तर आधी. अक्कांच्या कळश्या तोवर झालेल्याच असतील. त्या दिवशी टाकी भरली.

पुढच्या पाळीला वीस. त्यापुढे दहा. एकदा तर पंख्याखाली बसून, हातात चहाचा कप असताना, मी ती पट्टी शून्यावर ओढली. कुणी पाहत नव्हतं. दुपारी गल्लीत सगळ्यांचे कूलर घुमत असतात, खड्ड्यावर झाकण, माझ्या मोटरीचा आवाज कुणाला येणार? समोर उभं राहून बटण दाबायचं असतं तर माझा हात उठला नसता. अक्का खाली हौदाशी बसलेल्या दिसल्या असत्या. मोबाइलमध्ये अक्का दिसत नव्हत्या, आकडा दिसत होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. एवढं सोपं होतं, म्हणून सांगते.

अक्कांचा हौद भरेना. पहिल्यांदा अर्धा राहिला, मग तळ झाकण्यापुरता, मग नुसत्या कळश्या, त्याही करंगळीएवढ्या धारेने. “हाई बठ्ठं पानी कोठे जास वं?” सगळं पाणी जातं कुठे, असं त्या दारोदार विचारू लागल्या. माझ्याही दारी आल्या. मी म्हणाले, उन्हाळा आहे.

बायकांनी आपसात ठरवलं की दोष व्हॉल्व्हमनचा.

व्हॉल्व्हमन म्हणजे चौकातला व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. साठीकडे झुकलेला, सायकलच्या दांडीला कंबरेएवढी लोखंडी चावी बांधून येणारा. व्हॉल्व्ह उघडला की तो गल्लीतून शेवटपर्यंत चालत जाई, अक्कांच्या नळाला धार आली का ते बघे आणि त्यांच्याच ओट्यावर चहा घेई. ती त्याची सवय मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. अक्कांचे यजमान गेल्या दिवाळीनंतर गेले, तेव्हा आमच्याआधी खांदा द्यायला तो पोचला होता.

त्या दिवशी मी कामावरून आले तर चौकात त्याला घेरलेलं. गळ्यात ओळखपत्र तसंच, मी स्कूटर थांबवली. कुणी म्हणत होतं, तो पलीकडच्या गल्लीला जास्त वेळ पाणी देतो; कुणी म्हणत होतं, व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो. अक्का सगळ्यात पुढे, तोंडाला पदर लावून. तो एकच वाक्य परत परत बोलत होता, “चावी तं मी तितलीच फिरावस, माय. तितलीच फिरावस.”

मग कुणीतरी म्हणालं, “मास्तरीणबाईंना विचारा. त्या सायन्सच्या.”

सगळे माझ्याकडे वळले. तोही वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला. सायन्सवाली बाई खरं सांगेल असं त्याला वाटलं असणार. माझ्या हातात मोबाइल होता. त्यात मागच्या दहा दिवसांचा आलेख होता: व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद झाला, मिनिटामिनिटाचा हिशेब. दोन्ही पाळ्यांना तेवढाच वेळ पाणी सुटलं होतं, पाच मिनिटांचाही फरक नाही. आणि पाणी आल्या क्षणी माझी मोटर लागल्याची उभी रेघ.

मी म्हणाले, “प्रेशर कमी पडतंय, काका. चावी पूर्ण फिरत नसेल.”

एवढंच. आवाजही अगदी समजुतीचा काढला होता. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला तक्रारअर्ज लिहायला सांगितला, कारण माझं अक्षर चांगलं आणि भाषा कचेरीची. मी लिहिला. ‘आम्ही सर्व रहिवासी’ अशी सुरुवात केली, ‘संबंधित कर्मचारी आपल्या कामात हयगय करीत असल्याने’ हे वाक्य माझं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझी आई माहेरी, नशिराबादला, ओट्यावर शेजारणींना उद्देशून वापरायची. तिची लेक असं काही करेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

अक्कांनी त्याचा चहा बंद केला. तो शेवटच्या घरापर्यंत यायचा, नळ बघायचा आणि उभ्याउभ्याच परत जायचा.

तरीही मी पट्टी हलवली नाही. आता लगेच पाणी नीट आलं तर कुणाला संशय येईल, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, गोड सारणाच्या सांजोऱ्यांचा नैवेद्य. अक्कांच्या घरात यजमानांच्या नावाची ही पहिलीच घागर. आखाजीच्या आदल्या दिवशी पाणी आलं, आणि अक्कांच्या नळाला एक कळशीसुद्धा नीट भरली नाही. आखाजीच्या सकाळी त्या माझ्या दारी आल्या. नवी कोरी घागर काखेला, डोक्यावर पदर. या बाईने आयुष्यात कुणाच्या दारी पाणी मागितलं नव्हतं. उलट सगळ्यांच्या टाक्या भरल्या होत्या.

“घागरपुरतं दे वं, मास्तरीण,” त्या म्हणाल्या. “त्यास्ले आपलाच नळनं पानी लागे. पहिली धार भरीसन देऊ मी त्यास्ले, दर पाळीले. आते काय करू? उसनं तं उसनं.”

मी घागर घेतली आणि माझ्या टाकीच्या नळाखाली धरली. काठोकाठ भरलेली टाकी, भरपूर धार. घागर भरायला मिनिटही लागलं नाही. ते पाणी उसनं नव्हतं, त्यांचंच होतं, त्यांच्या नवऱ्याचं होतं, आणि ते मी त्यांना भीक घातल्यासारखं ओतून देत होते. लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. घागर त्यांच्या काखेला देताना थोडं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, “देव तुन्हं भलं करो.”

त्या वळल्या तशी मी मोबाइल काढला आणि पट्टी परत चाळीसवर नेली. गुपचूप. वाटलं, झालं, मिटलं.

पुढच्या पाळीला अक्कांचा हौद भरला. त्यापुढच्याही. आणि गल्लीत आनंदीआनंद झाला: बघा, अर्ज केला तसा सरळ आला! मी हे लक्षातच घेतलं नव्हतं. माझी चूक मी चोरून सुधारली आणि त्या माणसावर शिक्का बसला. आधी निदान संशय होता, आता पुरावा झाला. अक्कांनी त्याला हाक मारून ओट्यावर चहा दिला आणि वर सुनावलं, “आते कसा सरळ व्हयना!” त्याने कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला. “ऱ्हाऊ द्या, अक्का,” म्हणाला आणि चालू लागला. माझ्या फाटकापाशी तो क्षणभर थांबला. “मॅडम,” म्हणाला, “तुम्ही सायन्सच्या. चावी तीच, हात तोच. आधी पाणी काबर जात नव्हतं, आते काबर जातं, तुम्हीच पहा एकदा.” मी म्हणाले, “हो काका, बघते.”

थोड्या दिवसांनी तो यायचा बंद झाला. दुसरा माणूस यायला लागला. तक्रारीनंतर साहेबांनी सगळ्यांसमोर बोल लावला म्हणे, म्हणून त्याने स्वतःच भाग बदलून मागितला. अक्का मला म्हणाल्या, “चोर व्हता, म्हनीसन पळना.” आणि हे बोलताना त्यांचा चेहरा मात्र पडलेला होता. चोर म्हणवत नव्हतं त्यांना. तरी म्हणत होत्या, कारण सायन्सवाल्या बाईने सांगितलं होतं.

तिथे माझ्याच्याने राहवलं नाही.

मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. बरणी, चक्री, पट्टी. मोबाइल काढून पट्टी सरकवून दाखवली. त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला.

“हाई सरकाडं का मन्हा नळ बंद?”

“हो.”

“आन् घागरना दिन?”

“हो. त्याच्या आदल्या दिवशीही.”

मला वाटलं, आता शिव्या घालतील. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी डाळीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “पानीनं काय, पानी परत येई. पन त्या मानुसले मी काय काय बोलनू, मास्तरीण. मन्हा ओटावरथीन तो चहा ठेईसन गया.” आणि उठून चपला घालायला लागल्या. “चाल. तू सांगशी त्याले. मी ऐकसू.”

तो नव्या भागात ज्या चौकात व्हॉल्व्ह उघडतो तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. अक्कांच्या हातात पिशवी होती. तो चावी फिरवून झाडाखाली बसला होता. अक्कांना बघून उभा राहिला. मी सांगितलं. रस्त्यावर उभं राहून, माणसं येत-जात असताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाक्यं सुचत नव्हती. अर्ज लिहिताना कशी भराभर सुचली होती.

त्याने चष्मा पुसला. “म्हंजे मी किती वाजता उघडलं, किती वाजता बंद केलं, बठ्ठं तुमच्या मोबाइलमध्ये शे?”

“हो. दर पाळीला सारखंच. तुमची काहीच चूक नव्हती.”

“मग ते आमच्या साहेबाले दाखवा ना.”

मी मोबाइल उघडला. तारीख मागे नेली. आखाजीच्या आदल्या दिवशीचं पान काढलं. कोरं. त्याच्या आधीचं, कोरं. चौकात त्याला घेरलं त्या आठवड्याचं, कोरं. दहा दिवसांपेक्षा जुनं सगळं पुसलं गेलं होतं, मीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणे. त्याला घेरलं त्या दिवशी मात्र ते माझ्या हातात होतं. मी ते त्याला सांगितलं, तेही सांगावंच लागलं.

तो रागावला नाही. “मोबाइल नको होता, मॅडम,” म्हणाला. “त्या दिवशी तुम्ही ‘याची चूक नाही’ एवढं बोलल्या असत्या ना, बस होतं. लोक तुमचं ऐकतात.”

“मी दुसरा अर्ज लिहिते,” मी म्हणाले. “आजच.”

“त्यात काय लिहाल? परत ‘आम्ही सर्व रहिवासी’?”

“नाही. मी.”

त्याने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. अक्का तोवर झाडाखाली बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून किटली काढली, चहा अजून गरम होता. मग कप काढले, पदराने पुसले, एक त्याच्यापुढे ठेवला, एक आपल्यापुढे. त्याने कप उचलला आणि प्यायला.

पिशवीत दोनच कप होते.